कॅलिफोर्नियाचा प्रॉप १५: कुणाचा टॅक्स वाढणार होता, आणि तो का पडला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "२०१९ मध्ये आम्ही सनीवेलला घर घेतलं. शेजारचं घर अगदी आमच्यासारखं, पण तिथले काका १९८० पासून राहतात आणि आमच्या सातव्या हिश्श्याइतका प्रॉपर्टी टॅक्स भरतात. २०२० मध्ये प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचा प्रॉप १५ (प्रॉप म्हणजे प्रॉपोझिशन, थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मतदानाला आला होता. तो पास झाला असता तर हा अन्याय गेला असता का? आणि तो का पडला?"

आधी सरळ उत्तर. नाही. प्रॉप १५ पास झाला असता तरी तुमचा टॅक्स एका डॉलरने कमी झाला नसता आणि काकांचा एका डॉलरने वाढला नसता, कारण राहत्या घरांना त्यात हातच लावला नव्हता. तुमच्या घराला खरोखर लागू पडणारा बदल त्याच मतपत्रिकेवर, चार नंबर पुढे होता: प्रॉप १९. तो पास झाला आणि त्याबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही. साउथ बेमध्ये टॅक्सचं काम करताना मराठी घरांत ज्या चुका होताना बघतो, त्यातल्या बऱ्याच प्रॉप १९ न वाचल्यामुळे होतात. पण तुम्ही १५ विचारलाय, तर त्यापासूनच सुरू करू, आणि १५ समजायचा तर १९७८ मध्ये जावंच लागतं.

किंबहुना थोडं आणखी मागे. १९६० च्या दशकापर्यंत कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीचा (जिल्ह्याचा) असेसर, म्हणजे टॅक्ससाठी मिळकतीची किंमत ठरवणारा अधिकारी, आपल्या मर्जीने घराची किंमत धरत असे. घरं खूप कमी किमतीला धरायची आणि धंद्याच्या जागा जास्त किमतीला, अशी अलिखित पद्धत होती. घरमालक मतदार, त्यामुळे असेसरची खुर्ची शाबूत. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लाच घेऊन धंदेवाल्यांची असेसमेंट (टॅक्ससाठी धरलेली किंमत) कमी केल्याचं प्रकरण बाहेर आलं, असेसर दोषी ठरला, आणि १९६६ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की घर असो की दुकान, सगळ्यांची असेसमेंट बाजारभावाच्या एकाच प्रमाणात, २५ टक्क्यांवर, करायची. ऐकायला किती न्याय्य! पण घरांना मिळणारी गुपचूप सवलत त्या एका फटक्यात गेली आणि बोजा घरांवर सरकला. लाचखोर असेसरच परत आणा, अशी स्टिकरं तेव्हा लोकांनी गाड्यांना लावली होती.

पुढे सत्तरच्या दशकात महागाई भडकली आणि घरांच्या किमती दुप्पट-तिप्पट झाल्या. टॅक्सचा दर राज्यभर सरासरी २.६७ टक्के होता. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचं घर कागदोपत्री श्रीमंत झालं, हातात दमडी नाही आणि बिल मात्र दरवर्षी फुगतंय. सॅक्रॅमेंटोत, राज्याच्या राजधानीत, तिजोरीत अब्जावधींची शिल्लक पडून होती, तरी विधिमंडळ वेळेवर हललं नाही. या रागाला हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी वाट करून दिली. जार्व्हिस लॉस एंजेलिसमधल्या अपार्टमेंट मालकांच्या संघटनेसाठी काम करायचा, हे लक्षात ठेवा; धंद्याच्या मिळकती सवलतीत का आल्या याचं निम्मं उत्तर तिथे आहे. ६ जून १९७८ ला प्रॉप १३ जवळपास ६५ टक्के मतांनी पास झाला.

त्याच दिवशी विधिमंडळाने आणलेला पर्यायही मतपत्रिकेवर होता. मालक स्वतः राहतो त्या घराला कमी दर आणि धंद्याच्या जागेला जास्त, अशी वाट त्याने उघडली असती. तो पडला. म्हणजे २०२० मध्ये जी कल्पना 'नवी' म्हणून मांडली गेली, ती लोकांनी ४२ वर्षांपूर्वी एकदा नाकारलेली होती. इथे तिला स्प्लिट रोल म्हणतात: घरांची यादी वेगळी, धंद्याची वेगळी.

प्रॉप १३ चा गाभा एवढाच. दर मूळ किमतीच्या १ टक्क्यावर बांधला. मूळ किंमत म्हणजे तुम्ही ज्या वर्षी घेतलं त्या वर्षीची, आणि जुन्यांसाठी १९७५ ची. ती किंमत वर्षाला महागाई किंवा २ टक्के, यातलं जे कमी असेल तेवढीच वाढणार. बाजारभाव पुन्हा बघायचा तो मालकी बदलली तर किंवा नवं बांधकाम झालं तर, आणि तेही त्या नव्या भागापुरतंच. शिवाय राज्याचे टॅक्स वाढवायला विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत लागणार. लोक दर-दर करतात, पण दराचा मुद्दा दुय्यम आहे. बाजारभाव *कधी* बघायचा, हाच खरा प्रश्न. मुंबईच्या पागडीच्या चाळीत जुना भाडेकरू आणि नवा भाडेकरू एकाच मजल्यावर राहून वेगळंच भाडं भरतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच की इथे ती सवलत राज्यघटनेत लिहिलेली आहे.

तुमच्या काकांचा हिशेब करू. १९८० मध्ये घर एक लाखाला घेतलं असं धरा. दरवर्षी २ टक्क्यांनी चाळीस वर्षं वाढवलं तर आकडा येतो साधारण २ लाख २१ हजार. १ टक्का म्हणजे २,२०० डॉलर. तुम्ही २०१९ मध्ये १६ लाखांना घेतलंत, १ टक्का १६,०००. वर गावाने मतदान करून काढलेल्या बाँडांचा (कर्जरोख्यांचा) भार येतो, म्हणून बिलावर प्रत्यक्ष १.१ ते १.२५ टक्क्यांच्या आसपास दिसतं. सातपट फरक अगदी नियमात बसतो.

आणि तुमची ही तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आली आहे. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स भागात १ लाख ७० हजारांना साधं घर घेणाऱ्या एका बाईंना वर्षाला सुमारे १,७०० डॉलर टॅक्स लागला. आजूबाजूच्या १९७५ पासूनच्या मालकांना तशाच घरासाठी साडेतीनशेच्या आसपास. मालिबूच्या किनाऱ्यावर एकवीस लाख डॉलरचा बंगला जुना असेल तर त्याचा टॅक्सही जवळपास या बाईंच्या घराइतकाच, असं त्या खटल्यात पुढे आलं. नॉर्डलिंगर विरुद्ध हान, १९९२. कोर्टाने ८ विरुद्ध १ ने प्रॉप १३ उचलून धरला. शेजार टिकावा आणि जुन्या मालकाच्या अपेक्षेला धक्का लागू नये, हे राज्यासाठी पुरेसं कारण आहे, असं म्हटलं. तेव्हापासून कोर्टाची वाट बंद. बदल हवा तर मतपत्रिकेवरूनच.

आता प्रॉप १५. ३ नोव्हेंबर २०२०, म्हणजे ट्रम्प-बायडन निवडणुकीचाच दिवस. प्रस्ताव घटनादुरुस्तीचा, लोकांच्या सह्यांवर आलेला. शिक्षक संघटना, सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियन आणि चॅन-झकरबर्ग यांच्या संस्थेचे पैसे बाजूने; बिझनेस राउंडटेबल, जार्व्हिसच्या नावाची करदात्यांची संघटना, मोठे रिअल इस्टेटवाले आणि फार्म ब्युरो विरोधात. दोन्हीकडून मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त उधळले गेले. गव्हर्नर न्यूसम आणि बायडन यांचा पाठिंबा होता.

मजकूर असा होता: धंद्याच्या आणि कारखान्यांच्या जागांसाठी 'मूळ किंमत' ही पद्धत बंद, आणि निदान तीन वर्षांतून एकदा बाजारभावाने असेसमेंट. दर तोच १ टक्का. घरं, अपार्टमेंट इमारती आणि शेतजमीन बाहेर. ज्या मालकाच्या कॅलिफोर्नियातल्या अशा सगळ्या मिळकतींची एकूण किंमत ३० लाख डॉलर किंवा त्याहून कमी, तोही बाहेर. अंमल २०२२-२३ पासून टप्प्याटप्प्याने. छोट्या धंद्यांसाठी यंत्रसामग्री-फर्निचरवरचा टॅक्स पूर्ण माफ, मोठ्यांना पहिल्या ५ लाखांची सूट. राज्याच्या लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टचा अंदाज होता की पूर्ण अंमल झाल्यावर वर्षाला साडेसहा ते साडेअकरा अब्ज डॉलर जमतील. त्यातून ६० टक्के शहरं, काउंट्या आणि स्पेशल डिस्ट्रिक्ट यांना, ४० टक्के शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना.

हे वाचून वाटतं की बड्या कंपन्या भरतील, बाकीच्यांना काय? मलाही तत्त्व पटत होतं आणि आजही पटतं. घर विकलं जातं, माणूस मरतो, मुलं विकतात. घराची असेसमेंट कधी ना कधी बाजारभावाला येतेच. कंपनी मरत नाही. ती मिळकत धरून बसली तर १९७५ चा आकडा तहहयात चालतो.

शिवाय विकत घेऊनही 'मालकी बदलली नाही' असं कायद्याने म्हणता येतं. जमीन कंपनीच्या नावावर असेल आणि ती कंपनीच विकत घेतली, तर कुणा एकाच्या हाती ५० टक्क्यांहून जास्त हिस्सा गेला तरच मालकी बदलली असं धरतात. सांता मोनिकाचं मिरामार हॉटेल हे यातलं गाजलेलं उदाहरण. २००६ मध्ये मायकल डेल यांच्याशी संबंधित मंडळींनी सुमारे २० कोटी डॉलरना ते घेतलं, पण हिस्से वाटले ते ४९, ४२.५ आणि ८.५ टक्के असे. कुणाकडेच ५० च्या वर नाही. काउंटीने नव्याने असेसमेंट केली, मालकांनी दाद मागितली, आणि २०१४ मध्ये अपील कोर्टाने मालकांच्या बाजूने निकाल दिला: कायदा असाच लिहिलाय, बदलायचा तर विधिमंडळाने बदलावा. तुम्ही आम्ही घर घेतो तेव्हा रेकॉर्डरकडे (कागदपत्रं नोंदवणाऱ्या कार्यालयात) मालकी बदलल्याचा फॉर्म भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. इथे शंभर टक्के माल हात बदलतो आणि आकडा जागच्या जागी.

मग प्रॉप १५ का पडला? टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे, असं प्रस्तावाच्या बाजूचे लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. पडला तो भाडेकराराच्या एका कलमामुळे, आणि ते कलम मसुदा लिहिणाऱ्यांनी पुरेसं गंभीरपणे घेतलं नाही.

एल कमिनो रियलवर कुठल्याही प्लाझात जा. एक इंडियन ग्रोसरी, एक ब्यूटी पार्लर, एक डेंटिस्ट, एक पिझ्झावाला, एक क्लास. यातला एकही जागेचा मालक नाही. मालक वेगळा, बहुधा एखादं कुटुंब किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी), आणि त्यांच्या मिळकतींची बेरीज ३० लाखांच्या कितीतरी वर. दुकानदाराशी करार असतो ट्रिपल नेट: भाडं वेगळं, आणि प्रॉपर्टी टॅक्स, विमा, देखभाल या तिन्हींचा आपल्या जागेच्या प्रमाणात हिस्सा भाडेकरूने भरायचा. टॅक्स वाढला की मालक बिलाची प्रत जोडून दुकानदाराला पाठवतो, विषय संपला.

आकड्यात मांडतो, आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. १९८५ मध्ये १२ लाखांना घेतलेला प्लाझा. २ टक्क्यांनी पस्तीस वर्षांत असेसमेंट जेमतेम दुप्पट, २४ लाख. टॅक्स २४,०००. बाजारभाव २०२० मध्ये १ कोटी २० लाख. प्रॉप १५ नंतर टॅक्स १ लाख २० हजार. वाढ ९६,०००. ग्रोसरीवाल्याकडे प्लाझातली दहा टक्के जागा असेल तर वर्षाला ९,६००, महिन्याला ८०० डॉलर जास्त. डाळ-तांदळाच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण किती असतं हे ज्याला माहीत आहे त्याला या ८०० ची धग कळेल. आणि हे बोलणं चालू होतं तेव्हा कोविड होता. पार्लर बंद, रेस्टॉरंट अर्धी बंद, भाडं थकलेलं.

प्रस्तावाच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं की भाडं बाजार ठरवतो, मालक मनाला येईल तितकं वाढवू शकत नाही, त्यामुळे टॅक्सचा भार शेवटी मालकावरच पडेल. पुस्तकात हे बरोबर आहे, आणि दहा वर्षांच्या मुदतीत प्रत्यक्षातही बहुधा बरोबर ठरलं असतं. पण ज्याच्या कराराची सहा वर्षं शिल्लक आहेत, त्याला बाजार काय करेल यात रस नसतो. त्याने सही केलेल्या कागदावर काय आहे तेवढं तो बघतो. प्रॉप १५ मध्ये याची थोडी जाण होती. ज्या इमारतीत निम्म्याहून जास्त जागा छोट्या धंद्यांकडे आहे, त्यांची असेसमेंट २०२५-२६ पर्यंत पुढे ढकलली होती. पण ती फक्त सवड झाली. सूट मालकाच्या संपत्तीला बांधलेली होती, भाडेकरूच्या आकाराला नाही, आणि सुक्याबरोबर ओलंही जळणार हे दुकानदाराला लगेच कळलं. माझ्याकडे रिटर्न भरायला येणारे दुकानदार एरवी ट्रम्पच्या नावाने बोटं मोडणारे. १५ ला 'नाही' म्हणणारे त्यात भरपूर होते.

३० लाखांच्या सूटीत आणखी एक मेख होती, ती आपल्या आयटीवाल्यांना लागली असती. मिळकत एलएलसीच्या नावावर असेल तर नुसती त्या एलएलसीची बेरीज पुरत नव्हती. मागच्या भागीदारांपैकी कुणाच्या इतर मिळकती मर्यादेच्या वर असतील तर सूट गेली. पाच मित्रांनी मिळून छोटं ऑफिस घेतलंय, त्यातल्या एकाच्या सासऱ्यांकडून आलेलं गोदाम आहे, झालं. हे कोण तपासणार, कुठल्या कागदावरून?

तपासणार असेसर. आणि कॅलिफोर्निया असेसर्स असोसिएशन प्रस्तावाच्या विरोधात होती. राजकारण बाजूला ठेवलं तरी त्यांचं रडगाणं खोटं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांचं काम विक्रीची किंमत बघून आकडा टाकायचं. कारखाना, रिफायनरी, हॉटेल यांचा विक्रीशिवाय बाजारभाव काढणं हे वेगळंच शास्त्र आहे. ते येणारी माणसं थोडी, आणि ५८ काउंट्यांना ती एकाच वेळी लागणार. मोठा मालक प्रत्येक असेसमेंटवर अपील टाकणार हे तर ठरलेलंच. राबवण्याचा खर्च कोट्यवधींत जाणार होता आणि तो जमलेल्या पैशातून आधी वळता होणार होता.

सेंट्रल व्हॅलीत वेगळाच वाद. शेतजमीन बाहेर, हे खरं. पण जमिनीवरचं गोठ्याचं शेड, द्राक्षांची प्रोसेसिंगची इमारत, पॅकिंग हाउस यांचं काय? फार्म ब्युरो म्हणे ते सापडतील, बाजूचे म्हणत ते सुटतील. मजकूर वाचून दोघांचंही म्हणणं मांडता येत होतं, आणि शेतकरी असल्या वेळी ताकही फुंकून पितो.

याशिवाय सगळ्यात जुनी भीती: आज दुकान, उद्या घर. मजकुरात तसं काही नव्हतं आणि घरांना लावायचं तर पुन्हा घटनादुरुस्ती, पुन्हा मतदान लागलं असतं. पण ज्याचं म्हातारपण २,२०० डॉलरच्या बिलावर उभं आहे, त्याला प्रॉप १३ च्या भिंतीची एक वीटही हलवायची नसते. त्यात गोंधळ असा की मार्च २०२० मध्ये शाळांच्या १५ अब्जांच्या बाँडचा जो प्रस्ताव आला, त्याला योगायोगाने नंबर १३ च मिळाला होता. अनेकांना वाटलं जुना १३ च मोडायला काढलाय. तोही पडला.

ऑक्टोबरपर्यंत पाहण्यांमध्ये प्रॉप १५ पन्नास टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. इथला जुना आडाखा असा की 'हो' पन्नासला घुटमळत असेल तर शेवटी ते घसरतं. गोंधळलेला मतदार 'नाही'वर खूण करतो. निकाल: 'नाही' ५२ टक्के, 'हो' ४८. एक कोटी सत्तर लाखांवर मतं पडली आणि फरक सुमारे पावणेसात लाखांचा. सॅन फ्रान्सिस्को, अलमेडा, लॉस एंजेलिस बाजूने. ऑरेंज काउंटी आणि सेंट्रल व्हॅली विरोधात.

एक गोष्ट मात्र नंतर घडली म्हणून सांगण्यासारखी. कोविडनंतर सॅन फ्रान्सिस्कोतल्या ऑफिस इमारतींचे भाव कोसळले. ज्यांनी चढ्या भावाने घेतल्या होत्या ते धडाधड अपिलात गेले. नोव्हेंबर १९७८ मध्ये पास झालेल्या दुसऱ्या एका दुरुस्तीनुसार बाजारभाव तुमच्या असेसमेंटच्या खाली गेला तर तात्पुरता कमी आकडा धरावा लागतो. म्हणजे भाव चढला की जुना आकडा आणि पडला की नवा. प्रॉप १५ असता तर काही इमारतींकडून अपेक्षेपेक्षा कमीच मिळालं असतं, पण १९७५ च्या आकड्यावर बसलेल्या जागा त्या पडलेल्या भावातही कितीतरी पटीने वर गेल्या असत्या. तुम्हालाही ही अपिलाची सोय आहे: ज्या वर्षी १ जानेवारीला बाजारभाव असेसमेंटच्या खाली असेल, त्या वर्षी अर्ज करा. पैसे लागत नाहीत, किंवा किरकोळ लागतात.

आता प्रॉप १९, ज्याकडे तुम्ही लक्ष द्यायला हवं. रिअल्टर्सच्या संघटनेने आणलेला, ५१ टक्क्यांच्या जरा वर मतांनी निसटता पास. त्याच्या दोन बाजू आहेत.

एक फायद्याची. ५५ वर्षं पूर्ण झालेला घरमालक आपली जुनी मूळ किंमत राज्यात कुठेही नव्या राहत्या घरावर नेऊ शकतो, तीन वेळा. जुनं विकणं आणि नवं घेणं एकमेकांपासून दोन वर्षांच्या आत हवं. नवं घर महाग असेल तर वरचा फरक मिळवतात. तुमच्या काकांना घर मोठं पडत असेल, जिना चढवत नसेल, तर ते आता हलू शकतात.

दुसरी बाजू तोट्याची. पूर्वी, १९८६ पासून, आईवडिलांचं घर मुलांकडे आलं की मूळ किंमतही तशीच यायची, मग मुलगा तिथे राहो की भाड्याने देवो. १६ फेब्रुवारी २०२१ पासून ते बंद. आईवडिलांचं ते राहतं घर असलं पाहिजे, आणि मुलाने किंवा मुलीने एका वर्षाच्या आत स्वतः राहायला येऊन होमओनर्स एक्झेम्प्शनचा (मालक स्वतः राहतो त्या घरावरच्या छोट्या सवलतीचा) अर्ज केला पाहिजे. तेवढं केलं तरी सवलत अमर्याद नाही. असेसमेंट ३ लाख, बाजारभाव २० लाख असं समजा. ३ लाखांत मूळची १० लाखांची मर्यादा मिळवा, १३ झाले (ही मर्यादा महागाईनुसार थोडी वाढत जाते). बाजारभाव त्याहून ७ लाख जास्त, ते ३ लाखांत मिळवून नवी असेसमेंट १० लाख. टॅक्स ३,००० वरून १०,०००. आणि मुलगी सिएटलला नोकरीला असेल, घर भाड्याने देणार असेल, तर सरळ २० लाख: वर्षाला २०,००० आणि वर बाँड.

आपल्याकडची सवय अशी की म्हातारपणी घराच्या कागदावर मुलाचं नाव चढवून टाकायचं, म्हणजे नंतर कटकट नको. इथे ते कसं चढवता यावर सगळं अवलंबून आहे. आईवडील स्वतः जॉइंट टेनंट (एक गेला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो असे सहमालक) म्हणून राहून मुलाला जॉइंट टेनंट केलं तर लगेच असेसमेंट होत नाही. ते गेल्यावर प्रश्न येतो. पण त्याऐवजी अर्धा हिस्सा टेनन्ट्स इन कॉमन (प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असलेले सहमालक) म्हणून दिला तर त्या अर्ध्याची तिथल्या तिथे नव्याने असेसमेंट होऊ शकते. रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीत कधीही मोडता येणाऱ्या ट्रस्टमध्ये) स्वतःचं घर घातल्याने मालकी बदलत नाही. नवरा-बायकोतल्या बदलानेही नाही. फेडरल इन्कम टॅक्सच्या दृष्टीने जिवंतपणी बक्षीस दिलेलं घर आणि वारसाने आलेलं घर यांत फरक पडतो तो आणखी वेगळा, आणि बहुतेक वेळा बक्षीस महाग पडतं. नोटरीकडे जाऊन तासाभरात डीड (मालकीचा कागद) बदलून आलेले लोक माझ्याकडे बिल घेऊन येतात तेव्हा करण्यासारखं फार उरलेलं नसतं. डीडला हात लावायच्या आधी इस्टेटचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा.

शेवटी तुमच्या बिलाचं. पहिला हप्ता १ नोव्हेंबरला लागतो आणि १० डिसेंबरनंतर दंड, दुसरा १ फेब्रुवारीला आणि १० एप्रिलनंतर दंड. दंड १० टक्के. होमओनर्स एक्झेम्प्शन घेतलं नसेल तर घ्या. असेसमेंटमधून ७,००० वजा होतात, म्हणजे वर्षाचे सत्तरेक डॉलर, पण एकदाच अर्ज करायचा असतो. नवं घर घेणाऱ्या मित्रांना हेही सांगा की खरेदीनंतर काही महिन्यांनी जुन्या आणि नव्या असेसमेंटच्या फरकाचं सप्लिमेंटल बिल वेगळं येतं, कधी कधी दोन. ते सहसा बँकेच्या एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्याबरोबर टॅक्ससाठी पैसे जमा होतात त्या खात्यातून) भरलं जात नाही, थेट तुमच्या पत्त्यावर येतं. बँक भरेल म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकू नका.